गायनपार्टीची रात्र आणि ‘इंडी’ची व्याख्या : नागपुरातील आंबेडकरी गायनाच्या प्रयोगसमीक्षेचा प्रश्न

प्रस्तावना

‘इंडी बँड’ हा शब्द गेल्या दोन दशकांत मराठी वृत्तपत्रांच्या आणि नियतकालिकांच्या भाषेत रुळला आहे. चित्रपटाच्या किंवा ध्वनिमुद्रण कंपनीच्या आश्रयावाचून स्वतःची गाणी रचणारा, पदरमोड करून ती सादर करणारा आणि श्रोत्यांसमोर प्रत्यक्ष उभा राहून नाव कमावणारा तरुण वाद्यवृंद, असा त्याचा सर्वसाधारण अर्थ घेतला जातो. मात्र हा शब्द उच्चारताच डोळ्यांसमोर येणारे चित्र ठरावीक असते. पुण्या-मुंबईतील एखादा क्लब, विद्युत गिटार, तिकीट काढून आलेला महाविद्यालयीन श्रोता आणि मध्यरात्रीपर्यंत चालणारा कार्यक्रम, असे ते चित्र आहे. या चित्राच्या आधारे नागपूरकडे पाहिले असता येथे या स्वरूपाचे फारसे काही घडत नाही, असा निष्कर्ष सहज काढला जातो.

हा निष्कर्ष चित्रावरून काढलेला आहे. व्याख्या लावून पाहिल्यास मात्र वेगळे दृश्य दिसते. एप्रिल महिन्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर जयंतीच्या सुमारास आणि पुढे धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या निमित्ताने नागपूरच्या वस्त्यांमध्ये ज्या गायनपार्ट्या मंचावर उभ्या राहतात, त्या व्याख्येतील प्रत्येक अटीला उतरतात. असे असूनही त्यांच्या रात्रीला समीक्षा नाही. त्यांच्या गीतांचे संकलन होते, आशयावर प्रबंध लिहिले जातात, चळवळीतील योगदानाचा गौरव होतो. परंतु काल रात्रीचा प्रयोग कसा झाला, नवी पार्टी कोठे रंगली आणि कोठे पडली, हे कोणी लिहीत नाही. प्रस्तुत लेखात या अभावाची कारणे, त्याचे परिणाम आणि अशा समीक्षेचे संभाव्य निकष यांचा विचार केला आहे.

‘इंडी’ : चित्र आणि व्याख्या

‘इंडी’ हे ‘इंडिपेंडन्ट’ या इंग्रजी शब्दाचे संक्षिप्त रूप होय. त्याचा उगम वाद्यांत किंवा गायनशैलीत नसून व्यवहारात आहे. मँचेस्टरच्या बझकॉक्स या वाद्यवृंदाने जानेवारी १९७७ मध्ये उसनवार पैशांतून ‘स्पायरल स्क्रॅच’ ही चार गाण्यांची तबकडी ‘न्यू हॉर्मोन्स’ या स्वतःच्याच नाममुद्रेखाली काढली. मोठ्या कंपनीच्या दारात न जाताही तबकडी निघू शकते, हे त्यातून सिद्ध झाले आणि इंग्लंडमधील अनेक तरुणांनी तो मार्ग धरला. भारतात दिल्लीच्या इंडियन ओशन या १९९० मध्ये स्थापन झालेल्या वाद्यवृंदाने स्वतंत्र बाण्याचे उदाहरण घालून दिले. पुढे २०१० मध्ये पुण्यात सुरू झालेल्या ‘एनएच सेव्हन वीकेंडर’ या महोत्सवाने अशा वाद्यवृंदांना मोठा मंच मिळवून दिला.

या इतिहासातून ‘इंडी’च्या तीन कसोट्या हाती लागतात. पहिली, निर्मितीचा खर्च कोण करतो. दुसरी, गाणे श्रोत्यापर्यंत कोणत्या वाटेने पोहोचते. आणि तिसरी, गायक अखेरीस कोणाला उत्तरदायी असतो. वाद्ये कोणती, भाषा कोणती, श्रोता तिकीट काढून आला की सतरंजीवर येऊन बसला, या बाबी या कसोट्यांत बसत नाहीत. तसे असताना प्रत्यक्षात शब्दाचा वापर वाद्य, भाषा आणि श्रोत्याचा वर्ग पाहूनच होतो. परिणामी, ज्या संगीताने स्वतंत्रतेची किंमत सर्वाधिक काळ मोजली, तेच या शब्दाच्या कक्षेबाहेर राहते.

गायनपार्टीची पूर्वपीठिका

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाच्या चळवळीतून सत्यशोधक जलसा उभा राहिला. तमाशाच्या परिचित बांध्यात प्रबोधनाचा आशय भरण्याची त्याची रीत पुढे आंबेडकरी जलशाने स्वीकारली आणि बदललीही. भीमराव कर्डक यांच्यासारख्या जलसाकारांनी १९३० च्या दशकात गावोगाव प्रयोग केले. त्यानंतरच्या पिढीत वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांनी एकट्याच्या बळावर, झोळीत वही घेऊन, महाराष्ट्रभर गात फिरण्याचा आदर्श निर्माण केला. या परंपरेत कलावंताला ना दरबार होता ना कंपनी. भाडे, जेवण आणि बिदागी यांची सोय वस्तीच्या वर्गणीतून होत असे.

नागपुरात या परंपरेला विशेष भूमी मिळाली. १८७७ मध्ये सुरू झालेल्या एम्प्रेस मिलसारख्या कापड गिरण्यांमुळे येथे दलित कामगारांचा मोठा वर्ग स्थिरावला होता. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षाभूमीवर झालेल्या धर्मांतरानंतर या वर्गाला स्वतःचे नवे सण, नवे संस्कार आणि त्यांसाठी नवी गाणी हवी होती. जुनी देवदेवतांची गाणी सोडलेल्या समाजाने बारसे, लग्न, जयंती आणि स्मृतिदिन या साऱ्या प्रसंगांसाठी नवे गीतभांडार उभारले. विदर्भातील खडी गंमत, दंडार, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या प्रभावाने घरोघरी पोहोचलेले खंजिरी भजन आणि उर्दूच्या सान्निध्यातून आलेली कव्वाली यांच्या सहवासात येथील गायनपार्टीचे स्वरूप घडले. नागपूरच्या नागोराव पाटणकर यांचे नाव या संदर्भात विदर्भातील श्रोत्यांना नव्याने सांगावे लागत नाही.

ध्वनिफितीच्या काळात या गायनाला वितरणाची स्वतंत्र वाटही मिळाली. पीटर मॅन्युएल यांनी १९९३ मध्ये प्रकाशित झालेल्या ‘कॅसेट कल्चर’ या ग्रंथात उत्तर भारतातील संगीताच्या संदर्भात दाखविले आहे की, स्वस्त ध्वनिफितीने मोठ्या कंपन्यांची मक्तेदारी मोडली आणि स्थानिक, प्रादेशिक संगीताला बाजार मिळवून दिला. दीक्षाभूमीच्या परिसरात ग्रंथांच्या शेजारी मांडलेल्या ध्वनिफितींच्या, नंतर सीडींच्या दुकानांनी हेच विधान विदर्भापुरते खरे करून दाखविले. श्रोता वर्षातून एकदा येई, पुस्तक आणि गाणे एकाच पिशवीतून गावी नेई. खर्च, वितरण आणि उत्तरदायित्व या तिन्ही कसोट्यांवर गायनपार्टी ही ‘इंडी’ या शब्दाच्या आधीपासूनची स्वतंत्र संगीतसंस्था आहे, असे म्हणता येईल.

रात्रीची रचना

गायनपार्टीचे खरे स्थान ध्वनिफितीत नसून रात्रीत आहे. ख्रिस्तोफर स्मॉल यांनी १९९८ च्या ‘म्युझिकिंग’ या ग्रंथात संगीत ही वस्तू नसून कृती आहे, आणि त्या कृतीत गाणाऱ्याइतकाच ऐकणारा, खुर्च्या मांडणारा आणि दार उघडणाराही सहभागी असतो, अशी मांडणी केली. जयंतीच्या रात्रीला हे विधान शब्दशः लागू पडते. मंडळाने वर्गणी गोळा केलेली असते. बिछायत केंद्रातून सतरंज्या आणि खुर्च्या येतात. साऊंड सर्व्हिसवाला मंचाच्या कडेला मिक्सर मांडून बसतो. बुद्धवंदना होते, पाहुण्यांची भाषणे होतात आणि त्यानंतर पार्टी बसते. मध्ये हार्मोनियम, एका बाजूला ढोलक आणि तबला, दुसरीकडे बँजो किंवा की-बोर्ड, अलीकडे ऑक्टोपॅड आणि मागे टाळ्यांच्या ठेक्यावर मुखडा उचलणारा कोरस, अशी मांडणी सामान्यतः दिसते.

पहिले गाणे वंदनेचे असते आणि ते श्रोत्यांपेक्षा ध्वनिव्यवस्थेची परीक्षा घेण्यासाठी असते, असे म्हटल्यास वावगे ठरू नये. माइकची शिट्टी, ढोलकाखाली दबलेला हार्मोनियम, कोरसचा एकच माइक, हे दोष पहिल्या दहा मिनिटांत जो गायक गात-गात दुरुस्त करून घेतो, त्याच्या हाती रात्र येते. दुसऱ्या-तिसऱ्या गाण्यापर्यंत बक्षिसे सुरू होतात. एकशे एक, दोनशे एक रुपयांची चिठ्ठी मंचावर येते आणि देणाऱ्याचे नाव गाण्याच्या मध्येच पुकारले जाते. बाहेरच्या श्रोत्याला हा व्यत्यय वाटतो. वस्तुतः ती दाद आहे, आणि दाद देणाऱ्याने आपले नाव तिच्यामागे उभे केले आहे. ज्या समाजाची नावे शतकानुशतके सन्मानाने उच्चारली गेली नाहीत, तेथे ध्वनिक्षेपकावरून पुकारलेल्या नावाचा अर्थ केवळ अर्थव्यवहारापुरता राहत नाही. निपुण गायक हे नाव ठेक्यातच पुकारतो आणि मुखड्यावर परततो. नवखा गायक गाणे थांबवतो आणि त्याला पुन्हा चढ गाठावा लागतो. गायकाची जाण जोखण्याची ही अत्यंत नेमकी जागा होय.

दोन पार्ट्यांचा दुरंगी सामना असेल तर रात्रीला नाट्य प्राप्त होते. एका बाजूने प्रश्न टाकायचा, दुसऱ्या बाजूने त्याच ठेक्यावर, शक्य तर त्याच यमकात उत्तर द्यायचे, हा त्याचा बांधा आहे. येथे पाठांतर अपुरे पडते. वाचन, हजरजबाबीपणा, श्रोत्यांच्या चेहऱ्यावरून पुढचे गाणे ठरविण्याची शक्ती आणि घशाची शिस्त यांची एकत्रित कसोटी लागते. ग्रंथातून घडलेला समाज आपल्या गायकाकडून ग्रंथाचे ज्ञानही अपेक्षितो. इतिहासाचा चुकीचा दाखला दिला तर श्रोत्यांतून दुरुस्ती येते. असा श्रोता लाभणे हे कोणत्याही नवोदित कलावंताचे भाग्य आणि भय दोन्ही आहे.

दहाचा ठोका

या रात्रीच्या रचनेत गेल्या पाव शतकात मूलभूत बदल झाला. केंद्र शासनाने १४ फेब्रुवारी २००० रोजी ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम अधिसूचित केले. त्यानुसार रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ध्वनिक्षेपकाच्या वापरास मनाई आहे. निवासी क्षेत्रात ध्वनीची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ठरविण्यात आली. पुढे २००२ च्या दुरुस्तीने सांस्कृतिक व धार्मिक उत्सवांसाठी वर्षातून एकूण १५ दिवसांच्या मर्यादेत रात्री बारापर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्य शासनांना मिळाला. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये या तरतुदी कायम केल्या.

या नियमांमागील हेतूविषयी वाद संभवत नाही. रुग्ण, वृद्ध, पहाटे कामावर जाणारे आणि ऐन परीक्षेच्या दिवसांत अभ्यास करणारे विद्यार्थी हे त्याच वस्तीत राहतात, जेथे मंच उभा असतो. त्यांच्या झोपेची किंमत देऊन कला जगवावी, असा आग्रह धरता येणार नाही. तथापि नियमाच्या रचनेतील एक बाब समीक्षकाने लक्षात घेतली पाहिजे. दहानंतरची मनाई बंदिस्त जागांना, म्हणजे प्रेक्षागृहे, सभागृहे, समाजभवने, मेजवानीची दालने यांना अंतर्गत वापरापुरती लागू होत नाही. याचा व्यावहारिक अर्थ असा की, ज्याच्याकडे भिंती आणि छप्पर यांचे भाडे भरण्याची ऐपत आहे, त्याची रात्र शाबूत राहिली. ज्याचा मंच उघड्यावर होता, त्याची रात्र दहा वाजता संपली. मुंबईच्या रंगभवनात खुल्या आकाशाखाली होणारे रॉक संगीताचे कार्यक्रम याच नियमांतील शांतता क्षेत्राच्या तरतुदीमुळे बंद पडले. परंतु त्या श्रोत्यासाठी क्लब आणि खासगी दालने उपलब्ध झाली. वस्तीच्या गायनपार्टीला असा पर्याय मिळाला नाही.

याचा सर्वांत मोठा फटका नवोदितांना बसतो. सायंकाळी वंदना, मग पाहुण्यांची भाषणे, सत्कार, आभार आणि नंतर गायन हा क्रम बदललेला नाही. बदलली ती शेवटची सीमा. भाषणे लांबली की गायनाचा वेळ आकसतो आणि उरलेला वेळ साहजिकच नामवंत पार्टीला दिला जातो. रात्रभराच्या बैठकीत मध्यरात्रीनंतरचे तास असे होते की, जेव्हा मुख्य गायक विसावा घेई, गर्दी पातळ होई आणि उरलेला जाणता श्रोता नव्या गायकाला सवडीने ऐकत असे. फसलेले गाणे पुन्हा सुरू करण्याची, नवी चाल बांधून पाहण्याची मुभा त्या तासांत होती. शास्त्रीय संगीतातील शिष्याला गुरूच्या मागे तानपुरा धरून बसण्यात जे शिक्षण मिळते, तेच येथे कोरसमधल्या मुलाला उत्तररात्री मिळत असे. ती पाठशाळा आता बंद झाली आहे. नवा गायक थेट वीस मिनिटांच्या परीक्षेलाच बसतो.

नवी पिढी : ढोलकाकडून ड्रमकडे

वीस मिनिटांत लक्ष वेधून घ्यायचे असेल तर ध्वनीचा आकार मोठा हवा, या व्यावहारिक गरजेतून आणि जगभरच्या संगीताच्या सहज संपर्कातून तरुण पिढीने बँड आणि रॅप यांचा मार्ग धरला आहे. मुंबईत कबीर शाक्य यांच्या ‘धम्म विंग्ज’ने बौद्ध रॉक बँड अशी आपली ओळख निर्माण केली. चेन्नईत दिग्दर्शक पा. रंजित यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या ‘द कास्टलेस कलेक्टिव्ह’ने जानेवारी २०१८ मध्ये पहिला प्रयोग केला आणि उत्तर चेन्नईच्या वस्त्यांतील गाना या गायनप्रकाराला रॉक व रॅपची जोड दिली. विदर्भातील तरुणही आज गिटार आणि ड्रमसंच घेऊन जयंतीच्या मंचावर येत आहेत. हे अनुकरण आहे असे म्हणून ते बाजूला सारणे अन्यायाचे होईल. हार्मोनियम आणि कव्वालीचा ठेका या वस्तूही एके काळी बाहेरूनच आल्या होत्या.

मात्र हा बदल केवळ वाद्यांचा नाही, हेही समजून घेणे आवश्यक आहे. भीमगीताचा बहुतांश भाग केहरव्यात, म्हणजे आठ मात्रांच्या तालात बांधलेला असतो. ढोलकवादक त्यातील आघात शब्दांच्या वजनानुसार मागे-पुढे करतो. चरण मोठा असेल तर मधला ठेका हलका करतो आणि मुखड्यावर लग्गी लावून टाळी ओढतो. रॉकच्या ठेक्यात दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर स्नेअर ड्रमचा पक्का आघात पडतो आणि तो गायकासाठी सहसा वाकत नाही. मराठी गीताचे दीर्घ चरण, त्यातील विशेषनामे, सनावळ्या आणि जोडाक्षरे या पक्क्या आघाताखाली चिरडली जाण्याचा धोका असतो. त्यात ध्वनिक्षेपकातून येणारा ड्रम आणि गिटारचा खरखरीत नाद यांचा भर पडला की शब्द ऐकू येईनासा होतो. ज्या गायनाचे प्रयोजनच शब्द पोहोचविणे हे आहे, तेथे हा दोष किरकोळ मानता येत नाही.

ज्या तरुण वाद्यवृंदांना हे उमगते, ते दोन मार्ग काढताना दिसतात. काहीजण चरणात वाद्ये उतरवून केवळ ढोलकावर किंवा बास गिटारवर शब्द म्हणतात आणि मुखड्यात सारा संच एकदम सोडतात. काहीजण चरणाचे गायन सोडून रॅपच्या पठणशैलीकडे वळतात. हा दुसरा मार्ग वरवर पाहता परका वाटतो. परंतु शाहिरीतील कटाव, म्हणजे द्रुत लयीत केलेले दीर्घ शब्दरचनेचे पठण, त्याच्या अगदी जवळचे आहे. तरुण गायकाने या नात्याची जाणीव ठेवली तर त्याचे पठण जमिनीत मूळ धरते; ती नसेल तर इंग्रजी वा हिंदी रॅपचे स्वराघात मराठी शब्दांवर लादले जातात आणि ऱ्हस्व-दीर्घाचा तोल जातो. हा भेद दाखवून देणे हे समीक्षेचे काम आहे. ‘क्रांतिकारी आशय’ असे प्रशस्तिपत्र देऊन ते पार पडत नाही.

प्रयोगसमीक्षेचे निकष आणि आक्षेप

डॉ. अशोक दा. रानडे यांनी १९७५ मध्ये ‘लोकसंगीतशास्त्र’ हा ग्रंथ सिद्ध केला आणि लोक, कला, जन इत्यादी संगीतकोटींना आपापले शास्त्र असते, एकीचे निकष दुसरीला लावणे अशास्त्रीय होय, ही भूमिका पुढे सातत्याने मांडली. शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ (१९९६) या ग्रंथाने साहित्याच्या क्षेत्रात प्रस्थापित सौंदर्यविचाराला असाच प्रश्न विचारला. या दोन्ही विचारधारा एकत्र आणल्यास गायनपार्टीच्या प्रयोगाचे निकष तिच्या रात्रीतूनच घडवावे लागतील, हे स्पष्ट होते. वर केलेल्या विवेचनातून असे काही निकष हाती येतात. ध्वनिक्षेपकावरून शब्द किती शाबूत पोहोचला. मुखड्यावरची परतफेड श्रोत्याला सामील करून घेणारी होती काय. बक्षीस, पुकारा, वीज जाणे, मंचावर नेत्याचे आगमन अशा प्रसंगांत गाण्याचा धागा कसा राखला गेला. सामन्यात उत्तर किती नेमके आले. आणि अखेरीस पार्टीने काय नाकारले, हे ते निकष होत.

शेवटचा निकष विशेष महत्त्वाचा आहे. कंपनीपासून स्वतंत्र असलेली पार्टी वर्गणीदारापासून, मंचावरील राजकीय पाहुण्यापासून आणि जयजयकाराच्या मोहापासून स्वतंत्र असतेच असे नाही. निवडणुकीच्या वर्षात गाण्यात कोणाचे नाव गुंफले गेले, वस्तीतील स्त्रियांच्या प्रश्नावरचे गाणे पुरुषश्रोत्यांच्या आग्रहापुढे मागे पडले काय, टाळीसाठी भडकपणा आला काय, हे प्रश्न विचारले पाहिजेत. ‘इंडी’ या शब्दातील स्वातंत्र्य वाद्यवृंद कोणाचे पैसे घेतो यावरून सुरू होते. त्याची पूर्ती मात्र तो कोणाला नकार देऊ शकतो, यावर ठरते.

अशा समीक्षेवर एक गंभीर आक्षेप संभवतो. जे गायन दुःखातून आणि संघर्षातून आले, त्याच्या सुरांची मापे काढणे म्हणजे प्रस्थापितांची छडी पुन्हा हाती घेणे नव्हे काय? आक्षेपामागील वेदना खरी आहे. १९९७ मध्ये मुंबईच्या रमाबाई नगरातील गोळीबारानंतर शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. आनंद पटवर्धन यांच्या ‘जय भीम कॉम्रेड’ या माहितीपटाने या परंपरेची किंमत जगापुढे ठेवली. शाहीर विठ्ठल उमप यांनी नोव्हेंबर २०१० मध्ये नागपुरात दीक्षाभूमीवरील कार्यक्रमातच अखेरचा श्वास घेतला. जीवन आणि मंच यांत असे अंतर नसलेल्या परंपरेपुढे समीक्षकाने नम्र असावे, हे उचितच आहे. परंतु नम्रता म्हणजे मौन नव्हे. उमपांचा बुलंद तरीही स्वच्छ उच्चार, श्वासावरची हुकूमत आणि कव्वालीपासून पोवाड्यापर्यंतचा त्यांचा संचार यांचे वर्णन न करता केवळ त्यांच्या निष्ठेचा गौरव करणे, हा त्यांच्या कलेचा अवमानच ठरेल. ज्यांच्या कष्टाचा आदर करावयाचा, त्यांच्या कारागिरीकडेही लक्ष द्यावे लागते. समीक्षा नसली म्हणजे मूल्यमापन थांबते असेही नाही. ते काम मग डीजेच्या भिंतीची उंची आणि भ्रमणध्वनीवरील दृश्यसंख्या करू लागते. ही दोन्ही मापे शब्दाच्या बाजूची नाहीत.

महाविद्यालयांची जबाबदारी

या प्रश्नाचा काही भाग महाविद्यालयांच्या आवाक्यातील आहे. नागपुरात डॉ. वसंतराव देशपांडे सभागृह आहे. २०१७ मध्ये रेशीमबागेत कविवर्य सुरेश भट सभागृह उभे राहिले. भटांनी स्वतः बौद्ध धम्म स्वीकारला होता आणि आंबेडकरी गीतरचनाही केली होती, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे. परंतु अशी मोठी सभागृहे नवोदित पार्टीच्या खिशाला परवडणारी नसतात. याउलट, लहान-मोठे सभागृह असलेली महाविद्यालये शहरात अनेक आहेत आणि सायंकाळनंतर ती सभागृहे बहुधा कुलूपबंद असतात. नियमाने बंदिस्त जागेला दिलेली मोकळीक वस्तीतील तरुणांपर्यंत पोहोचविण्याचा हा सर्वांत सोपा मार्ग होय. युवक महोत्सवांच्या स्पर्धांत समूहगीत, लोकवाद्यवृंद, पाश्चात्त्य समूहगायन असे ठरीव विभाग आणि मिनिटांत मोजलेली वेळ असते. प्रश्नोत्तरांचा सामना, पुकारा आणि श्रोत्यांचा प्रतिसाद हे सारे वगळून गायनपार्टी त्या चौकटीत बसविता येत नाही. तिच्यासाठी स्पर्धेऐवजी बैठक हवी, परीक्षकाऐवजी जाणता श्रोता हवा आणि दुसऱ्या दिवशी लिहिली जाणारी समीक्षा हवी. मराठी, समाजशास्त्र आणि संगीत या विभागांनी एकत्र येऊन अशा बैठकींचे ध्वनिमुद्रण आणि टिपण ठेवले, तर पुढील संशोधकाला गीतसंग्रहांपलीकडचे साधन मिळेल.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात.

१. ‘इंडी’ ही संज्ञा शैलीची नसून व्यवहाराची आहे आणि त्या अर्थाने नागपूरची आंबेडकरी गायनपार्टी ही स्वतंत्र संगीताची दीर्घ परंपरा असलेली संस्था आहे.

२. या गायनाचा अभ्यास आशयाच्या अंगाने बराच झाला; प्रयोगाच्या अंगाने झालेला नाही. त्यामुळे सरस आणि सुमार यांतील फरक सांगणारी भाषा मराठी समीक्षेत तयार झाली नाही.

३. रात्रीच्या ध्वनिक्षेपक-मनाईचा हेतू रास्त असला, तरी तिचा भार उघड्या मंचावर आणि त्यातही नवोदितांवर अधिक पडला आहे. उत्तररात्रीच्या पाठशाळेला पर्याय शोधणे निकडीचे आहे.

४. ढोलकाकडून ड्रमकडे आणि चरणाकडून रॅपकडे होणारे संक्रमण स्वागतार्ह आहे. मात्र मराठी शब्दाचे वजन राखले जाते किंवा नाही, यावर त्याचे यश अवलंबून राहील.

वस्तीच्या मंचावर वीस मिनिटांसाठी उभा राहणारा तरुण गायक आज टाळी आणि उपेक्षा यांच्यामध्ये सापडला आहे. त्याचा मुखडा चांगला होता, पण तिसऱ्या चरणात शब्द हरवला, एवढे सांगणारा कोणी त्याला भेटत नाही. ते सांगण्याइतके कान देऊन ऐकणे, ही अभ्यासकांनी या परंपरेला द्यावयाची किमान दाद होय.